कवितेतला मेंढका

"मास्तर, नाउन म्हंजी नाव. ह्ये झालं पाठ," बिरू म्हणाला. "पर हितं माझ्या नावाच्या जागी नंबर लावलाय. मग त्यो नंबर बी नाउनच का?"

"तोही नाउनच."

"आन् शिपाई नुसतं 'ए' म्हनतो, त्ये?"

"ते इंटरजेक्शन. उद्गार. ते शेवटी घेऊ, त्याला एकच मार्क असतो."

बिरूने मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. पेन्सिल तो इतकी दाबून धरायचा की पहिल्या पानावरचं अक्षर तिसऱ्या पानावर हाताला लागायचं. वय पन्नाशीच्या आसपास, मिशा पांढऱ्या, बोटं विळ्या-कुऱ्हाडींनी जागोजागी कापलेली. आम्ही कारागृहाच्या वाचनालयात बसलो होतो. वाचनालय म्हणजे शिवणकामाच्या शेडला लागून असलेली एक खोली, दोन कपाटं आणि एक टेबल. जेवणानंतर दोन तास ती आम्हाला मिळायची. फेब्रुवारी चालू होता आणि दहावीच्या इंग्रजीच्या पेपरला तीन आठवडे उरले होते.

मी अठरा वर्षं माणदेशातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. गावाचं नाव सांगत नाही, त्या गावाने माझं नाव पुरेसं ऐकलं आहे. माझं आडनाव चिंचकर. कडक मास्तर म्हणून माझी ख्याती होती आणि मला ती आवडायची, हे आधीच कबूल करून टाकतो. अठराव्या वर्षी मी दहावीच्या वर्गात एका मुलाच्या कानशिलात लगावली. तो बाकाच्या कोपऱ्यावर आपटला आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याचा जीव गेला. सिद्धनाथ गोरड त्याचं नाव, वय पंधरा. मला पाच वर्षांची शिक्षा झाली. का मारलं असं पोलिसांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "उलट बोलला." वकिलालाही तेच सांगितलं, बायकोलाही तेच. काय उलट बोलला, हे कोणी खोदून विचारलं नाही. मुलगा मास्तरला उलट बोलला, एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं. माझंही भागत होतं.

तुरुंगात आल्यावर मी ठरवलं होतं की शिकवायचं नाही. तुरुंगाच्या साहेबांनी दोनदा बोलावून सांगितलं, बंद्यांचे वर्ग घ्या, तुम्हालाही बरं पडेल. मी नको म्हटलं आणि सतरंज्या विणायच्या मागावर बसलो. तिथे माझ्या शेजारच्या मागावर बिरू ठोंबरे होता.

बिरू धनगर, जतच्या बाजूचा. मेंढरं शेतात शिरली म्हणून एका शेतकऱ्याशी बाचाबाची झाली, बिरूने काठी उगारली, ती डोक्यात बसून शेतकरी मेला. सात वर्षं. "आपलं दोघांचं बी एकाच तडाख्याचं काम, मास्तर," असं तो एकदा म्हणाला होता. मला राग आला होता. मला वाटायचं की मी वेगळा आहे.

त्याची सुटका नोव्हेंबरात होती, दिवाळी उलटून गेल्यावर. आणि त्याची बायको हिराबाई, तिच्या पोटात गाठ निघाली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की श्रावण काढेल, दिवाळीचं सांगता येत नाही. पॅरोलचा अर्ज दोनदा नामंजूर झाला होता, कारण त्या शेतकऱ्याच्या भावकीने गावात भांडण होईल असं लिहून दिलं होतं. एकच वाट उरली होती. दहावी पास होणाऱ्या बंद्याला शिक्षेत नव्वद दिवसांची माफी मिळायची. नव्वद दिवस मिळाले तर बिरू ऑगस्टमध्ये घरी. बाकीचे विषय त्याने काढले होते. इंग्रजीत दोनदा गेला होता, एकदा एकोणतीस, एकदा एकतीस. पस्तीस पाहिजे होते आणि ही शेवटची संधी होती.

तो माझ्या मागे लागला. जेवणाच्या रांगेत, पाण्याच्या टाकीवर, मागावर.

"मास्तर, चार मार्काचा प्रश्न हाय."

"दुसऱ्या कोणाला धरा."

"दुसऱ्याला येत न्हाई. तुमाला येतंय."

महिनाभराने मी हो म्हटलं. अट घातली की टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे तो, आणि मला राग आला असं दिसलं की त्याने उठून जायचं. बिरूला अट कळली नाही. "मारलं तरी चालंल की," तो सहज म्हणाला. "पर पास करा." त्या दिवशी मीच उठून गेलो.

तर व्याकरण बरं चाललं होतं. व्हर्ब म्हणजे काम, हे त्याला लगेच पटलं. अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणजे काय हे सांगताना मी म्हटलं, "मेंढी कशी आहे ते सांगणारा शब्द." तो म्हणाला, "मेंढीला आमच्यात चाळीस शब्द हायती. ह्यांच्यात किती?" मी सांगितलं, दोन-चारच असतील. त्याला इंग्रजांची दया आली. काळ त्याला जड गेले. झालेलं, होत असलेलं, होऊन गेलेलं अशा तीन तऱ्हा इंग्रजीत कशाला लागतात, असं तो रोज विचारायचा आणि रोज पाठ करायचा. माझा हिशेब होता की व्याकरणातून आणि पत्रलेखनातून अठ्ठावीसपर्यंत तो पोचेल. उरलेले सात कवितेतून आणायचे.

कवितेच्या प्रश्नाला दहा मार्क होते. कवितेचं नाव, कवीचं नाव, अलंकार, आशय, संदेश असे ठरलेले तुकडे. उत्तर पाठ करून जसंच्या तसं उतरवलं की दहातले सात-आठ हमखास. त्या वर्षी 'संध्याकाळची टेकडी' या अर्थाच्या नावाची कविता येणार हे मी पैजेवर सांगितलं असतं, कारण आधीची दोन वर्षं ती आली नव्हती. मी ती हायस्कुलात अकरा वर्षं शिकवली होती. पुस्तक मिटूनही मला ती येत होती आणि तिचं गाईडमधलं उत्तरही येत होतं.

"आधी अलंकार बघू," मी म्हटलं. "सिमिली म्हणजे उपमा. हा याच्यासारखा, तो त्याच्यासारखा. लाइक किंवा अ‍ॅज दिसलं की सिमिली लिहायचं. या ओळीत म्हटलंय, तो दगडाला टेकून राजासारखा बसलाय."

"कोन बसलाय?"

"मेंढपाळ. शेफर्ड."

बिरू सरळ बसला. "मेंढक्याची कविता हाय व्हय? आन् हे तुमी आज सांगताय?"

"ऐका. पर्सोनिफिकेशन म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते. इथे वारा त्या मेंढपाळाला घरचा रस्ता विचारतो."

"आन् त्यो काय म्हनतो?"

"काही नाही. कवितेत पुढे काही नाही."

"सगळी सांगा की मग. पयल्यापासनं. मराठीत."

मी घड्याळ पाहिलं. वेळ होता. मी ओळीओळीने सांगत गेलो. दिवस मावळला आहे. टेकडीवर मेंढरं पांगली आहेत. कुडाचं फाटक उघडंच आहे. काही मेंढ्या खाली ओढ्यावर चालल्या आहेत, त्यांच्या गळ्यातल्या घंटा लांब लांब जातायत. मेंढपाळ दगडाला टेकून बसलाय, त्याची काठी गवतात पडली आहे. कुत्रा त्याच्या पायापाशी बसून त्याच्या तोंडाकडे बघतोय. हातावर दव पडलंय, ते त्याने पुसलेलं नाही. एक कोकरू येऊन त्याची बोटं चाटतं, तो चाटू देतो. वारा घरचा रस्ता विचारतो. चांदण्या वर येतात. टेकडी त्याला सांभाळेल.

"संपली?" बिरूने विचारलं.

"संपली. आता याचा आशय लिहून घ्या. दिवसभराच्या कष्टानंतर मेंढपाळ निसर्गाच्या कुशीत शांतपणे विश्रांती घेतो आहे. तो समाधानी आहे. संदेश असा की, साध्या जीवनात सुख असतं."

बिरूने पेन्सिल उचलली नाही.

"मेलाय की त्यो," तो म्हणाला.

त्याला वाटलं मला कळलं नाही, म्हणून तो समजावून सांगायला लागला. वर्गात मी जसा हळूहळू सांगत असे तसाच.

"आवो, बगा. दिस बुडाला आन् मेंढरं मोकळी? फाटक उगडं? मेंढका आजारी आसू दे, पेलेला आसू दे, अंधार पडायच्या आत पयलं कोकरं आत घालतो. बरं, मेंढ्या वड्याला चालल्या. अशा टायमाला कुत्रं काय करतंय? पळत जाऊन आडवं पडतंय, वळवून आनतंय. त्ये मालकापाशी बसत न्हाई. मालक जित्ता आसंस्तवर कुत्र्याचं ध्यान मेंढरात. हे कुत्रं मेंढरं सोडून मानसाच्या तोंडाकडं बगतंय. आन् काठी. आमच्यात झोपला तरी काठी मांडीखाली आसती. गवतात पडली म्हंजी हातातनं सुटली."

"आणि कोकरू?" मी विचारलं.

"कोकराला मीठ लागतं. घामाच्या हाताला लागून येतंय त्ये. पर खरबरीत जीभ आसती त्याची, जित्ता मानूस हात मागं घेतोच. चांगली लिवलीया. लिवनाराच्या घरात कुनीतरी मेंढका आसनार. 'मेला' म्हनून कुटंच लिवलं न्हाई बगा. कुत्र्यावरनं सांगितलं."

माझे हात टेबलावर होते. ते मी खाली घेऊन मांडीवर ठेवले.

"परीक्षेत हे लिहायचं नाही," मी म्हटलं.

"का? खोटं हाय?"

"गाईडमध्ये नाही. तपासणारे गाईड बघून मार्क देतात. मी आठ वर्षं पेपर तपासलेत. मी शून्य दिलं असतं."

"बराबर लिवलं तर शून्य?"

"हो."

घंटा झाली आणि आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी मी तब्येतीचं कारण सांगून गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा बिरू आधीच येऊन बसला होता. समोर वही बंद होती. त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती, ती त्याने पुन्हा आत सरकवली आणि मी उभाच राहिलो.

"मास्तर, त्ये पोरगं. गोरडाचं. गोरड म्हंजी आमच्यातलंच."

"हो."

"उलट बोललं म्हनता तुमी. काय उलट बोललं?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला होता. मला खोटं बोलता आलं असतं. शिवी दिली म्हणालो असतो तर त्याने विश्वास ठेवला असता. पण आदल्या दोन रात्री मी त्या दगडाला टेकलेल्या माणसाबरोबर काढल्या होत्या आणि माझ्यात बळ उरलं नव्हतं.

मी सांगितलं. तिसरा तास होता. मी हीच कविता शिकवत होतो, म्हणजे आशय लिहून देत होतो. सगळा वर्ग खाली माना घालून लिहीत होता. निसर्गाच्या कुशीत शांत विश्रांती, एवढं वाक्य झालं आणि मागच्या बाकावरून सिद्धनाथ उठला. हात वर केला नाही, परवानगी मागितली नाही. "सर, तो मेलाय," म्हणाला. वर्ग हसला. मी म्हटलं, खाली बस. तो बसला नाही. "सर, खरंच मेलाय. कुत्रं उठत न्हाई बगा." वर्ग पुन्हा हसला, आणि मला वाटलं, हा माझी टर उडवतोय. अकरा वर्षं शिकवलेली कविता हा मला शिकवतोय. मी बाकांमधून चालत गेलो. जाताना मला राग आलेला नव्हता, हे मला पक्कं आठवतं. धडा शिकवायचा होता. मारतील या भीतीने तो मागे सरला नाही. त्याला वाटलं असणार की मी पुस्तकात बघायला येतोय, कारण त्याने बोट त्या ओळीवर ठेवलं होतं.

बिरूने सगळं ऐकून घेतलं.

"कुत्रं म्हनला?"

"हो."

"बराबर म्हनला."

त्याने वही उचलली, पेन्सिल कानावर ठेवली आणि निघून गेला.

चार दिवस तो आला नाही. मी रोज जाऊन दोन तास त्या टेबलाशी बसायचो. मागावरही त्याने जागा बदलून घेतली होती. माझ्या मनात काय होतं ते खरं सांगतो. बिरूच्या परीक्षेची काळजी मला नंतर लागली. आधी वाटलं ते हे, की आता हे कळलेला एक माणूस जगात आहे आणि तो माझ्याशी बोलत नाही. सिद्धनाथ गेल्याचं दुःख मला होतं, नव्हतं असं नाही. पण उद्धट पोरगा आपल्या हातून गेला याचं दुःख वेगळं, आणि वर्गात एकट्याला कविता कळली त्या पोराला आपण मारलं हे वेगळं. पहिलं मी दोन वर्षं वागवलं होतं. दुसऱ्याखाली मी चार दिवसांत वाकलो.

पाचव्या दिवशी मीच त्याच्या मागापाशी गेलो. पेपरला नऊ दिवस राहिले होते.

"बिरू, माझ्यावर राग ठेवा. पण पेपर सोडू नका. हिराबाईंचा..."

"तिचं नाव तुमी घिऊ नगा," तो मागावरून मान न उचलता म्हणाला.

मी परत फिरलो. पण दुपारी तो वाचनालयात आला. खुर्ची टेबलापासून लांब ओढून बसला आणि वही मांडीवर घेतली.

"सांगा. काय लिवू?"

"बिरू, तुम्हाला वाटत असेल तर आपण तुमचाच अर्थ इंग्रजीत..."

"मला काय वाटतंय त्ये इचारू नगा. पास कशानं हुईन त्ये सांगा."

मी सांगितलं. वाक्य मी इंग्रजीत म्हणायचो, तो देवनागरीत उतरवून घ्यायचा आणि मग इंग्रजी अक्षरात बसवायचा. मेंढपाळ सुखी आहे. तो शांत झोपला आहे. निसर्ग त्याचा मित्र आहे. साध्या जीवनात समाधान असतं. नऊ दिवस तो ही वाक्यं भिंतीकडे बघत म्हणत राहिला, प्रत्येक शब्द वेगळा, मध्ये श्वास घेऊन. "द शेफर्ड इज हॅपी." एक चूक नाही. म्हणून झालं की तो थांबायचा, आणि मला "बरोबर" म्हणावं लागायचं. रोज आठ-दहा वेळा मी बरोबर म्हटलं. शाळेत याच शब्दासाठी पोरं माझ्याकडे आशेने बघायची, आणि मी तो फार जपून वापरायचो.

त्या नऊ दिवसांत त्याने मला एकदाही मास्तर म्हटलं नाही.

पेपरला ती कविता आली. निकाल जूनमध्ये लागला. इंग्रजीत छत्तीस. साहेबांनी त्याला कार्यालयात बोलावून पेढा दिला आणि शिकवलं म्हणून मलाही एक दिला. मी तो खाल्ला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात माफीचा कागद आला आणि बिरूची सुटका झाली.

जायच्या दिवशी सकाळी तो मागांच्या शेडमध्ये सगळ्यांना रामराम करत फिरला. घरचे कपडे त्याला ढगळ झाले होते. माझ्यापाशी शेवटी आला. मला वाटलं होतं, येणारच नाही.

"त्येच लिवलं," तो म्हणाला. "मेंढका सुकात हाय म्हनून."

"माहीत आहे. म्हणून तर पास झालात."

"व्हय." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्या पोरानं जीव दिला पर बोलनं फिरवलं न्हाई. मी तीन म्हैन्यासाटनं फिरवलं."

"तुम्हाला घरी जायचं होतं. तुमचा काही दोष नाही."

"माझ्यापुरतं मी बगून घीन." तो आता माझ्याकडे सरळ बघत होता. "त्याच्या बापाला म्हाईत हाय का?"

"काय?"

"पोरगं बराबर हुतं, ह्ये."

"नाही."

"कोर्टात निगालं न्हाई?"

"मी बोललोच नाही, आणि वर्गातल्या पोरांनाही ती टवाळीच वाटली होती. उलट बोलला एवढंच म्हणालो."

"म्हंजी बापाला वाटत आसंल, आपलं पोरगं वंगाळ बोललं, मास्तरनं मारलं, मेलं. आपन वळान लावलं न्हाई. बाप मेंढका हाय का?"

"हो. मायाप्पा गोरड."

"मग कविता सांगा त्याला, मराठीत, मला सांगितली तशी. बाकी काय बोलायची गरज न्हाई, त्याचं त्याला कळंल. सुटला की पयलं त्ये काम करा."

"करीन."

"करा, मास्तर," तो म्हणाला आणि शिपायाबरोबर गेला.

हिराबाई कोजागिरीच्या आदल्या दिवशी गेली. बिरूचं कार्ड आलं होतं. दोन महिने तिच्यापाशी होतो, शेवटचं पाणी मी पाजलं, एवढं लिहिलं होतं. खाली वेगळ्या ओळीत विचारलं होतं, तुम्ही कधी सुटणार.

मी पुढच्या वर्षी सुटलो. बायको तिच्या भावाकडे राहत होती, मीही तिथेच गेलो. शिकवणीला मला कोणी बोलावत नाही आणि मी जात नाही. एका छापखान्यात प्रुफं तपासतो. याला आता नऊ वर्षं झाली.

गोरडांच्या वस्तीवर मी दोनदा जाऊन आलो. एसटीच्या फाट्यापासून माळावरून तासभर चालावं लागतं. पहिल्या वेळी घरांना कड्या होत्या आणि एका अंगणात एक म्हातारी मटकी निवडत बसली होती. तिने मला ओळखलं नाही.

"मायाप्पा आहेत का?" मी विचारलं.

"न्हाई की. कुठनं आलासा?"

"लांबून. काम होतं."

"मेंढरं घिऊन कोकनात गेल्याती समदी. जेठात या, जेठात गावतील."

"बरं, येतो जेठात," मी म्हणालो आणि तिने दिलेलं पाणी पिऊन परत आलो. तीन वर्षांनी पुन्हा गेलो. तीच म्हातारी, जास्त वाकलेली. तिने तेच सांगितलं आणि मीही तेच म्हणालो.

घरी येऊन मी बिरूला पत्र टाकलं. दिलेला शब्द विसरलेलो नाही, दोनदा वस्तीवर गेलो, दोन्ही वेळा मायाप्पा भेटले नाहीत, असं लिहिलं. आठ दिवसांत त्याचं कार्ड आलं. तेच दाबून लिहिलेलं अक्षर, एकच ओळ. कोणत्या महिन्यात गेला होतात?

त्या कार्डाला मी उत्तर दिलेलं नाही. त्या गावात मी अठरा वर्षं नोकरी केली. दिवाळी झाली की गोरडांची वस्ती कोकणात उतरते आणि जेठात परत येते. पोरांच्या गैरहजेरीचं हे कारण दरवर्षी हजेरीपटावर मीच माझ्या हाताने लिहीत होतो. दोन्ही वेळा मी पौषात गेलो.